मुलं बोलत नाहीत, मग मी भाषा शिकवू का?

तू लिहिलंयस की बीएचं शेवटचं वर्ष आहे, ग्रामर पक्कं आहे, दोन महिने एका छोट्या बॅचला इंग्लिश शिकवलंस, पण मुलं नुसती 'समजलं समजलं' करतात आणि बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाहीत, मग ही लाइन आपली नाहीच का. आहे गं. फक्त एकदा मोबाईलवर तास रेकॉर्ड कर आणि ऐक. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाऊण तास मीच बडबडत होतो, फार लाज वाटली.

आता चूक सुधारायचं बघ. उदाहरण मराठीतच देतो, पटकन कळेल. शिकणारा म्हणतो, 'मी काल शाळेत जातो.' आपण लगेच, 'अच्छा, काल शाळेत गेलास?' तो 'हो' म्हणून मोकळा, आपण चूक दुरुस्त केली हे त्याच्या गावीही नसतं! लिस्टर आणि रान्टा या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांबद्दल हेच मांडलं, शिक्षक सगळ्यात जास्त हीच पद्धत वापरत होते आणि मुलं सगळ्यात कमी दाद हिलाच देत होती. त्यापेक्षा नुसतं 'काल...?' म्हण आणि थांब. चार-पाच सेकंद अवघड जातात, पण 'काल... गेलो' हे त्याच्या तोंडून येतं.

बोलतं करायला माझी आवडती युक्ती म्हणजे ४-३-२. एकच विषय तीन वेगवेगळ्या जोडीदारांना सांगायचा, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. तिसऱ्या वेळेपर्यंत शब्द शोधणं बरंच कमी झालेलं असतं.

लिखाणात पान लाल करू नकोस, एका वेळी एकाच प्रकारच्या चुका धर आणि तोच मजकूर परत लिहायला लाव. दुसरा खर्डा नसेल तर तपासण्यात घातलेला वेळ बहुतेक फुकट.

कोर्स विचारलायस तर इंग्लिशसाठी सेल्टा (CELTA, इंग्लिश शिकवणाऱ्यांसाठीचा केंब्रिजचा सर्टिफिकेट कोर्स) बघ, किमान १२० तासांचा असतो, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणीतरी बघत असतं. कुठलाही कोर्स घेताना मी आधी हेच विचारीन की प्रत्यक्ष शिकवायला किती मिळणार, नुसत्या व्हिडिओंवर सर्टिफिकेट देणाऱ्यांकडे पैसे घालवू नकोस.

फी भरायची घाई नको, आधी ते रेकॉर्डिंग ऐक आणि तुझी मिनिटं किती, मुलांची किती, ते मोजून मला कळव.