दहा मजल्यांवरून सूर मारणारा गॅनेट

मागच्या अंकात बास रॉकचं छायाचित्र छापलं होतं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रातून सरळ वर आलेला, शंभर मीटरहून उंच असा हा कातळ. उन्हाळ्यात लांबून पाहिला तर चुना फासल्यासारखा पांढरा दिसतो. तो पांढरेपणा गॅनेट या समुद्रपक्ष्यांचा आणि त्यांच्या शिटेचा. २०१४ सालच्या मोजणीत इथे ७५ हजारांहून जास्त जोड्या भरल्या. गॅनेटच्या शास्त्रीय नावातलं ‘बासानस’ याच कातळावरून आलं आहे. छायाचित्र पाहून बालवाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

गॅनेट तीस मीटर उंचीवरून पाण्यात सूर मारतो म्हणे. त्याची मान मोडत नाही का? (इयत्ता सहावी, अलिबाग)

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. तीस मीटर म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारत. तेवढ्या उंचीवरून खाली यायला अडीच सेकंदही लागत नाहीत आणि पाण्याला टेकताना वेग तासाला ८५ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगाला पाणी मऊ राहत नाही.

आधी एक करून बघ. बादलीभर पाणी घे. पसरलेला तळहात पाण्यावर सपकन मार. मग पाचही बोटं जुळवून, मनगट ताठ ठेवून तोच हात टोकाकडून पाण्यात घाल. पहिल्या वेळी हात चुरचुरेल, दुसऱ्या वेळी अलगद आत जाईल. आता मनगट सैल सोडून पुन्हा घाल. हात वाकडा होतो, हो ना? गॅनेटला नेमकं हेच टाळायचं असतं.

मासा दिसला की तो पंख अर्धे मिटून खाली झेपावतो आणि पंखांनीच दिशा सुधारत राहतो. पाणी अगदी हातभर उरलं की दोन्ही पंख पूर्ण मागे, शेपटीच्या दिशेने ताणून घेतो. चोच, डोकं, मान, अंग सगळं एका रेषेत येतं, जणू भाला. मानेचे स्नायू घट्ट आवळलेले असतात, त्यामुळे लांब मान कुठेही वाकत नाही. चोच सुळकेदार असल्याने पाणी एकदम न आदळता हळूहळू बाजूला सरतं. शिवाय चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या छोट्या पिशव्या असतात. नाजूक सामान पाठवताना आपण फुगेवाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतो, तसंच त्यांचं काम.

नुसत्या वेगाच्या जोरावर तो काही मीटर खोल जातो. मासा आणखी खाली असेल तर पंख आणि पाय मारत वीस मीटरपर्यंतही पोचतो. हवेतून पाण्यात गेल्यावर आपल्याला सगळं धूसर दिसतं. गॅनेटच्या डोळ्यातलं भिंग मात्र सेकंदाच्या दहाव्या भागात आकार बदलून पाण्यातल्या नजरेला तयार होतं. मासा तो बहुतेक वेळा पाण्यातच गिळून टाकतो.

चुका होतात का? होतात. माशांच्या थव्यावर शेकडो गॅनेट एकदम कोसळतात, तेव्हा पाण्याखाली एकमेकांवर आदळून काही जखमी होतात, काही मरतातही.

त्याच्या चोचीवर नाकपुड्याच दिसत नाहीत. मग तो श्वास कसा घेतो? (इयत्ता चौथी, नाशिक)

बाहेर नाकपुड्या नाहीतच. त्या असत्या तर प्रत्येक सूर मारताना पाणी जोराने आत घुसलं असतं. गॅनेट तोंडाच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. ही गोष्ट लक्षात ठेव, शेवटच्या उत्तरात तिची गरज लागणार आहे.

गॅनेट पाणकावळ्यासारखे पंख पसरून वाळवत का बसत नाही? (इयत्ता पाचवी, पुणे)

शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. तिथलं तेल तो चोचीने पिसांना लावतो, त्यामुळे पाणी आत मुरत नाही. पाणकावळ्याची पिसं मुद्दामच भिजणारी असतात, कारण भिजून जड झालं की पाण्याच्या पृष्ठभागावरून बुडी मारणं सोपं जातं. गॅनेटला बुडायला उंचीच पुरते.

गॅनेट अंड्यावर बसत नाही, त्यावर उभा राहतो, हे खरं आहे का? (इयत्ता सातवी, कोल्हापूर)

जवळजवळ खरं आहे. कोंबडीच्या पोटाला अंडी उबवताना पिसं झडलेली उबदार जागा असते, तशी गॅनेटला नसते. त्याच्या पायाची चारही बोटं पातळ पडद्याने जोडलेली असतात. ते रुंद, गरम पाय तो अंड्यावर चादरीसारखे पांघरतो आणि मग खाली बसतो. अंडं एकच, कवच जाड. साधारण ४४ दिवस आई आणि बाबा पाळीपाळीने ते सांभाळतात. अंड्याला तडा जाऊ लागला की मात्र ते पायाखालून काढून पायांच्या वर घेतात, नाहीतर नाजूक पिल्लू चिरडेल!

घरटी शेजाऱ्याची चोच जेमतेम पोचेल एवढ्याच अंतरावर असतात, त्यामुळे भांडणं सतत. जोडीदार समुद्रावरून परतला की दोघं छातीला छाती लावून उभी राहतात आणि चोची एकमेकींवर घासतात. तलवारी घासल्यासारखा तो खडखडाट म्हणजे त्यांचं ‘आलास का’. निघायचं असेल तेव्हा पक्षी चोच सरळ आभाळाकडे करून उभा राहतो. जोडीदाराला कळतं, आता पिल्लाजवळ आपण थांबायचं. दोघं एकदम निघून गेली तर उघडं पिल्लू शेजाऱ्यांच्या चोचींना सापडेल, म्हणून ही खूण फार महत्त्वाची.

पिल्लू जन्मतः काळपट आणि उघडंबोडकं असतं. आईबाबांच्या घशात चोच घालून ते अर्धवट पचलेले मासे खातं आणि तीन महिन्यांत चक्क त्यांच्याहून जड होतं. मोठा गॅनेट तीन किलोचा, पिल्लू चार किलोचं! मग एक दिवस ते कड्यावरून उडी टाकतं, तरंगत समुद्रावर उतरतं, आणि तिथेच अडकतं, कारण एवढं वजन घेऊन पाण्यावरून उडता येत नाही. पुढचा आठवडा-दोन आठवडे कुणी भरवायला येत नाही. अंगातल्या चरबीवर जगत, पोहत, ते हलकं होतं आणि त्याच काळात मासे पकडायला शिकतं. ज्यांना वेळेत जमत नाही ती पिल्लं दगावतात. जगलेली बरीचशी दक्षिणेला, पार पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जातात. पिसं आधी करडी, मग कबरी आणि साधारण पाचव्या वर्षी पूर्ण पांढरी. पंखांची टोकं तेवढी काळी राहतात.

काही गॅनेटांचे डोळे काळे का असतात? (इयत्ता सहावी, ठाणे)

निरोगी गॅनेटचं बुबुळ फिकट निळसर असतं. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने गॅनेटांच्या वसाहतींमध्ये हजारो पक्षी मेले. जे आजारातून वाचले, त्यांतल्या काहींची बुबुळं काळी पडलेली आढळली. त्यामुळे कोणता पक्षी या आजारातून गेला असावा, याचा अंदाज संशोधकांना लांबूनही घेता येतो.

आपल्या कोकणात गॅनेट दिसतो का? (इयत्ता पाचवी, रत्नागिरी)

हा गॅनेट उत्तर अटलांटिकचा, पण त्याचे भाऊबंद आपल्याकडे येतात. त्यांना बूबी म्हणतात. तेही असेच सूर मारतात. जून ते सप्टेंबरच्या वादळी वाऱ्यात मास्क्ड बूबी कधीकधी मुंबई, रायगड, रत्नागिरी, गोव्याच्या किनाऱ्यावर फेकले जातात. पांढरं अंग, पंखांची मागची कड काळी, चोचीभोवती काळा मुखवटा. वाळूत बसलेला दिसला तर लोक त्याला पुन्हा पाण्यात लोटतात. तसं करू देऊ नकोस. तो दमून, उपाशी राहून किनाऱ्याला लागलेला असतो, लाटेत परत गेला तर बुडेल.

तुझं काम एवढंच: कुत्री आणि गर्दी दूर ठेवायची आणि मोठ्या माणसाला बोलावून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायला सांगायचं. जवळ जायचं नाही, कारण चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात आणि घाबरलेला पक्षी थेट डोळ्यावर वार करतो. उचलायची वेळ आलीच तर मोठ्यांनी त्याच्यावर जाड टॉवेल टाकून, डोक्यामागे मान हलकेच धरून, पक्षी चेहऱ्यापासून लांब ठेवावा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली जुनं फडकं घालून ठेवावा आणि झाकण लावावं. अंधारात तो शांत होतो. तोंडात पाणी ओतू नये, मासा कोंबू नये. आणि चावू नये म्हणून चोचीला दोरी किंवा चिकटपट्टी कधीही बांधू नये. बूबीलाही बाहेरून नाकपुड्या नसतात. चोच घट्ट बांधली, तर त्याचा श्वासच बंद होईल.