विकिरण: रदरफोर्ड यांचे आणि लासलगावचे

निफाड तालुक्यातील एका विज्ञान शिक्षिकेने विचारले आहे की, सोन्याच्या पातळ वर्खावर किरणोत्सारी पदार्थातून निघणारे अल्फा कण सोडण्याच्या, भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्ड यांच्या प्रयोगाला 'विकिरण प्रयोग' म्हणतात आणि लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून प्रक्रिया करणाऱ्या केंद्रालाही बातम्यांत 'विकिरण केंद्र' म्हणतात, तर या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडते काय? वर्गातील मुलांनीच त्यांना हा प्रश्न केला. 'अल्फा किरण' लिहावे की 'अल्फा कण', हेही त्यांना हवे आहे.

एकच गोष्ट घडत नाही. मराठीत विकिरण म्हणजे विखुरणे. आकाश निळे दिसते ते विकिरणामुळे, आणि रदरफोर्ड यांच्या प्रयोगात अल्फा कण वेगवेगळ्या कोनांतून विखुरले तेही विकिरणच. लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूमधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर किंवा हापूसवर सोडले जातात. ते आत शिरल्यावर काही प्रमाणात विखुरतातही, परंतु केंद्राचे नाव त्यावरून पडलेले नाही. तेथे अभिप्रेत असलेल्या गोष्टीला, म्हणजे किरणांच्या रूपाने ऊर्जा बाहेर पडण्याला, मराठीत प्रारण हा शब्द आहे आणि तो शाळेतील प्रत्येक मुलाने 'वहन, अभिसरण, प्रारण' या त्रयीत पाठ केलेला असतो. हिंदीत प्रारणाला 'विकिरण' म्हणतात व विखुरण्याला 'प्रकीर्णन' म्हणतात. हिंदी पत्रकाचा मराठी अनुवाद करताना तो 'विकिरण' तसाच उचलला जातो आणि मग एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटून बिचाऱ्या मुलांचा गोंधळ होतो. सातवीत प्रारण शिकवायचे आणि बातमीत विकिरण छापायचे, हा निष्काळजीपणा मला वर्षानुवर्षे खटकत आला आहे.

या चुकीला बळ मिळते ते एका भाबड्या व्युत्पत्तीमुळे. 'विकिरण' या शब्दात 'किरण' दिसतो, म्हणून 'विशेष किरण' किंवा 'किरण सोडणे' असा अर्थ अनेक सुशिक्षित माणसे सांगतात. खरे नाते उलट दिशेने जाते. दोन्ही शब्द 'कॄ' या धातूचे आहेत आणि त्याचा अर्थ फेकणे, उधळणे, विखरणे. वि उपसर्ग लागून झालेले विकिरण आणि आपले रोजचे विखुरणे ही एकाच घरची भावंडे आहेत. मधला दुवा 'विष्किर' या रूपाचा, प्राकृतात 'विक्खिर' आणि तेथून मराठीत 'विखर, विखुर'. पाणिनीने विष्किर व विकिर ही दोन्ही रूपे पक्ष्याच्या अर्थाने नोंदवली आहेत, आणि आयुर्वेदात लावा, तित्तिर, कोंबडा यांसारख्या, पायांनी माती उकरून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या वर्गाला विष्किर म्हणतात. उकरणे हेही 'उद्' उपसर्ग लागलेल्या याच धातूचे अपत्य, आणि उकिरडा हा 'उत्कर' म्हणजे उकरून टाकलेल्या केरकचऱ्याच्या ढिगाचा वारस. 'कोंबडी उकिरडा उकरते आणि दाणे विखुरते' या घरगुती वाक्यात एकच धातू तीन वेळा येतो. विकिरणाचा अर्थ ज्यांना पाठ करून ध्यानात राहत नाही, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

परंतु मला खरा आनंद देतो तो 'किरण' शब्दाचा इतिहास. अमरकोशाच्या काळी किरण म्हणजे प्रकाशाचा किरण हे ठरून गेले होते. ऋग्वेदात मात्र तो अतिशय बारीक धुळीचा वाचक आहे. पहिल्या मंडलातील 63व्या सूक्ताची पहिलीच ऋचा पाहावी: इंद्राच्या भयाने 'दृळ्हासः', म्हणजे घट्ट, भक्कम असे पर्वतसुद्धा 'किरणा न', म्हणजे धूलिकणांसारखे, थरथरले. चौथ्या मंडलातील 38व्या सूक्तात दधिक्रा नावाच्या दौडणाऱ्या घोड्याच्या वर्णनात तर 'रेणुं रेरिहत्किरणं ददश्वान्' अशी शब्दांची जोडीच आली आहे. येथे किरण म्हणजे लगाम, असा अर्थ काही अनुवादक घेतात, कारण 'रश्मि' शब्दाला लगाम व किरण असे दोन्ही अर्थ आहेत आणि 'ददश्वान्' म्हणजे चावणारा. मला तो अर्थ पटत नाही. शेजारीच धुळीचा वाचक असलेला 'रेणु' उभा असताना आणि धातूचा मूळ अर्थ उधळणे हा असताना, रश्मीवरून उसना अर्थ आणण्याची गरज काय? घोडा दौडतो तेव्हा धूळ उधळते आणि ती त्याच्या तोंडात जाते, इतके सरळ ते चित्र आहे. नाशिककर म्हणून आणखी एका गोष्टीचे मला अप्रूप वाटते: पहिले सूक्त नोधा गौतमाचे, दुसरे वामदेव गौतमाचे, आणि आमची गोदावरी ती गौतमी. गोत्रनामावरून भूगोल सिद्ध होत नाही, पण किरणाचा हा जुना अर्थ जपणाऱ्या दोन्ही ऋचा गौतमांच्याच घरी सापडाव्यात, हे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला सुखावणारे आहे.

ऋषींना अणुविज्ञान ठाऊक होते, असा दावा मी करत नाही. तसे म्हणणे ऋचेवर आणि विज्ञानावर सारखाच अन्याय करणारे आहे. माझे म्हणणे शब्दापुरते आहे. रदरफोर्ड यांनी 1899 साली अल्फा हे नाव एका प्रकारच्या प्रारणाला दिले, आणि पुढे 1908 साली रॉइड्स यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की हे 'किरण' म्हणजे हेलियमचे विद्युतभारित कण आहेत. म्हणून आज काटेकोर लेखनात 'अल्फा कण' हेच लिहावे. 'अल्फा किरण' लिहिणाऱ्याला मात्र मी चूक म्हणणार नाही, कारण उधळली जाणारी सूक्ष्म धूळ हा त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ अल्फा कणांना तंतोतंत लागू पडतो.

आता 'विखुरणे' हीच संज्ञा का, 'परावर्तन' का नाही? हा प्रश्न खुद्द रदरफोर्ड यांच्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतही होता. त्यांचे सहकारी गायगर आणि अवघ्या वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनी 1909 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकात या घटनेला 'विसरित परावर्तन', म्हणजे सर्व दिशांना पसरणारे परावर्तन, म्हटले होते. अंधाऱ्या खोलीत झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक मोजत त्यांनी पाहिले की, प्लॅटिनमवर आदळणाऱ्या सुमारे 8000 कणांपैकी एक मागे वळतो. परावर्तन पृष्ठभागावर होते. येथे तर सोन्याचे वर्ख एकावर एक वाढवत नेले तसे परत येणारे कणही वाढत गेले, म्हणजे जे काही घडत होते ते धातूच्या आत घडत होते. रदरफोर्ड यांनी 1911 साली मांडले की इतके मोठे वळण अनेक लहान धक्क्यांच्या बेरजेतून येणे संभवत नाही. ते एकाच अणूशी झालेल्या एकाच भेटीत घडते, आणि त्यासाठी अणूतील एका चिन्हाचा सारा विद्युतभार मध्यभागी एका बिंदुवत जागी एकवटलेला हवा. त्यांच्या त्या निबंधाच्या शीर्षकात 'विखुरणे' हाच शब्द आहे. आपण ज्याला अणूचे केंद्रक म्हणतो त्याला त्या निबंधात ते 'मध्यवर्ती भार' म्हणतात.

मराठी विश्वकोश या क्रियेला 'प्रकीर्णन' म्हणतो आणि येथे माझा त्याच्याशी स्पष्ट मतभेद आहे. प्रकीर्ण म्हणजे मराठीत किरकोळ, सटरफटर, कोणत्याच प्रकरणात न बसलेले. 'प्रकीर्ण लेख' हा शब्दप्रयोग वाचकाच्या मनात इतका घट्ट बसलेला आहे की 'अल्फा कणांचे प्रकीर्णन' वाचताना अर्थ उमटतच नाही. विकिरणाला ही अडचण नाही, कारण विखुरणे त्याच्या शेजारी उभे आहे. दीर्घ 'की' मात्र विकीर्ण या रूपातच लिहावी. 'विकीरण' हे सर्रास छापले जाणारे रूप अशुद्ध आहे.

लासलगावच्या केंद्राला बातमीत 'प्रारण प्रक्रिया केंद्र' म्हणावे, आणि हा शब्द जड वाटत असेल तर 'गॅमा किरण प्रक्रिया केंद्र' म्हणावे. येवल्याच्या शेतकऱ्यालाही ते एका वाचनात कळेल.