अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा अभ्यास कोठून सुरू करावा?

थेट १७८७ चे संविधान वाचायला घेतले आणि सगळे डोक्यावरून गेले, असे आपण लिहिले आहे. त्यात आपला दोष नाही. उत्तर आधी वाचले गेले आणि प्रश्न राहून गेला, एवढेच.

म्हणून आधी १७८१ मध्ये अमलात आलेला महासंघाचा करारनामा, म्हणजे संविधानापूर्वी तेरा राज्यांना एकत्र बांधणारा करार, वाचावा. तो संविधानाइतका गाजला नाही, पण पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ त्यातच आहे. काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, युद्ध पुकारता येत होते. मात्र त्याचा खर्च भागवण्यासाठी कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे हात पसरावे लागत. आयात मालावर पाच टक्के जकात घेण्याची दुरुस्ती पुढे आली, तेव्हा तेराही राज्यांची संमती आवश्यक असल्यामुळे १७८२ मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार देताच ती बारगळली. (याच राज्याने पुढे संविधान जिथे तयार झाले त्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाला एकही प्रतिनिधी पाठवला नाही!)

नवखे अभ्यासक दोन चुका हमखास करतात:

- १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान यांची गल्लत करणे.
- नागरिकांच्या हक्कांची सनद मूळ मसुद्यातच होती असे मानणे. त्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये आल्या.

त्यानंतर फिलाडेल्फियातील तडजोडींकडे वळावे. राज्याची लोकसंख्या मोजताना गुलामांची गणना तीन पंचमांश धरण्याचे कलम अप्रिय वाटले तरी वगळू नये, कारण लोकसंख्येनुसार जागा मिळणाऱ्या प्रतिनिधिगृहातील दक्षिणेचे बळ त्यावरच वाढले. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे तूर्त बाजूला ठेवावेत.