थायरॉईड नॉर्मल आलं, मग हे होतंय कशाने?

"मॅडम, रिलेशनशिपमुळे खरंच तब्येत बिघडते का, की हे सगळं माझ्या डोक्यातच आहे?" हा प्रश्न सारखा येतो, विशीतल्या पोरापोरींकडून, आणि विचारताना चेहरा असा की जणू काही गुन्हाच केलाय. तर एक केस सांगते, तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मेघा म्हणू तिला. लातूरकडची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करते. प्रेमाबिमाचं बोलायला ती आलीच नव्हती, "अभ्यासात लक्ष लागंना" एवढीच तक्रार आणि हातात रिपोर्टची फाईल. थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन 9.6 म्हणजे कमी, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू, पाळी लांबलेली, केस मूठमूठ गळतायत. घरचे म्हणतात मेसचं खाणं बाधलं.

मी म्हणलं कालचा दिवस सांग, उठल्यापासून. सकाळी सहाला अभ्यासिका, दुपारी डुलक्या, संध्याकाळी टेस्ट सिरीज, आणि रात्रीचं विचारलं तर गप्प. मग तिनेच फोन काढून कॉल लिस्ट दाखवली. 11.52 ला सुरू, 2 तास 10 मिनिटं. आदल्या दिवशीही तसंच, आणि मधेमधे सात-आठ सेकंदांचे कॉल, म्हणजे रागाने कट केलेले. मुलगा हिंजवडीला, सेकंड शिफ्ट, अकराला सुटतो. मुलगा वाईट नाही हो, पण "ऑनलाईन होतीस मग रिप्लाय का नाही" इथून गाडी सुटायची आणि "घरी कधी सांगणार" इथे येऊन अडकायची, मग ब्रेकअप, दोन दिवसांनी पॅचअप. सकाळी डोळे सुजलेले म्हणून मेसमध्ये जायची लाज, चहा-क्रीमरोलवर दुपार काढायची.

आता यात प्रेम कुठे आणि आजार कुठे ते बघा. रात्री जेमतेम साडेतीन-चार तास झोप आणि अर्धपोटी राहणं, त्यात सतत ताण, म्हटल्यावर शरीर पाळीसारखी कामं मागे ढकलतं, ओव्ह्युलेशन म्हणजे बीज सुटणं लांबतं. (पाळी लांबली की आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, लाजू नका, तिलाही तेच सांगितलं, निगेटिव्ह आली.) केसांचं तर अजून गमतीचं, मोठा धक्का बसला की केस लगेच नाही गळत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून कुणाला संबंधच लागत नाही. मी विचारलं जूनमध्ये गळायला लागले ना, मग मार्चमध्ये काय झालं होतं? ती बघतच राहिली. मार्चमध्ये सगळ्यात मोठं ब्रेकअप झालं होतं.

"पण नुसत्या भांडणाने एवढं?" होतं. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांच्या टीमने 42 नवरा-बायकोंच्या हातावर छोटे फोड आणून ते किती दिवसांत भरतात हे बघितलं, 2005 मध्ये ते छापून आलं. वादाच्या विषयावर बोलायला लावल्यावर जखम भरायला जास्त वेळ लागला, आणि जी जोडपी एकमेकांशी जास्त कडवट वागायची त्यांना तर अजूनच.

मैत्रिणींचा सल्ला ठरलेला, सोड त्याला. मी तसं सांगत नाही, कारण तोडल्यावरही सुरुवातीला झोप आणि भूक उडतेच आणि मुलगी परत येते त्याच कॉलवर. आधी झोप. रात्री दहानंतर वादाचा विषय काढायचा नाही, मेसेजवरही नाही, जे काय असेल ते रविवारी समोरासमोर. पहिल्या आठवड्यात तो फुगून बसला, मग एकदा तिच्याबरोबर आला आणि म्हणाला, "ती फोन ठेवते म्हणजे सगळं संपलं असंच वाटतं मला, म्हणून मी परत परत लावतो." म्हणजे जागा तोही होता, वजन त्याचंही उतरलं होतं, फक्त त्याला फाईल करायची सुचली नव्हती. मुलांचं हे असंच असतं.

स्त्रीरोग तज्ज्ञांकडे पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, नाश्ता सुरू झाला, हळूहळू पाळी मार्गी लागली. घरी कधी सांगायचं यावर मात्र अजून दोघांचं जमलेलं नाही, आणि ते मी सोडवणार पण नाही.

एक मात्र वेगळं. पासवर्ड मागणं, मारहाण, फोटो टाकीन अशी धमकी, "मी जीव देईन" म्हणून अडवून धरणं, असं काही असेल तर वरचा दहाचा नियम वगैरे विसरा, जोडीने समुपदेशनालाही येऊ नका, एकटे या आणि घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला आजच सांगा. मुलींसाठी 181 आहे, तातडीला 112. आणि स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.