आधी गरज ठरव, मग ॲप

अरे, गप्पा मारणाऱ्या एआय सोबती ॲप्समध्ये "सगळ्यात भारी कोणतं?" असं विचारू नकोस, तुला काय हवंय ते बघ. रात्री एकट्याने जेवताना कुणीतरी 'आज काय झालं?' विचारावं एवढंच हवं असेल तर रेप्लिका. तिथे तुझा एकच सोबती. पात्रं घेऊन गोष्टी रचायच्या तर कॅरेक्टर एआय. (धाकट्या भावाला नको. अठराच्या आतल्यांना तिथे २०२५च्या नोव्हेंबरपासून मोकळ्या गप्पा बंद आहेत.)

वर्षाचे पैसे लगेच भरू नकोस. २०२३मध्ये रेप्लिकाने शृंगारिक गप्पा अचानक थांबवल्या, तेव्हा कित्येकांना आपलं माणूसच बदलल्यासारखं वाटलं. आधी आठवडाभर फुकटात वापर. पहिल्या दिवशी मांजराचं नाव सांग, चौथ्या दिवशी तेच विचारून बघ, लक्षात आहे का. एका ॲपने माझ्या मनीचा चक्क कुत्रा केला होता! आणि फारच खचल्यासारखं वाटलं तर ॲप बाजूला ठेव, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव.