टेस्टोस्टेरॉन वाढलंय खरं, पण कुठलं?

काय रे,

रिपोर्टचा फोटो मिळाला, आणि खाली तू टाकलेलंही वाचलं, की बघा काका टेस्टोस्टेरॉन लिमिटच्याही वर आहे म्हणजे बॉडी एकदम फिट. जिमच्या सरांनी दिलेली टेस्ट ई, म्हणजे टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटचं इंजेक्शन, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, तीन महिने. रागावत नाहीये, रागावल्याने कोणी सायकल, म्हणजे इंजेक्शनांचा हा कोर्स, बंद करत नाही हे वीर्य तपासणीच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढून कळलंय मला. पण ज्या आकड्यावर तू खूष आहेस तो रक्तातला आहे, वृषणाच्या आतला नाही, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

वृषणात लायडिग पेशी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात, आणि सर्टोली पेशी असतात, त्या वाढणाऱ्या शुक्राणूंना सांभाळतात. लायडिगला कामाला लावतो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारा एलएच हा हार्मोन आणि सर्टोलीला तिथलाच एफएसएच. बाहेरून टोचलं की मेंदूला वाटतं माल गोदामभर पडलाय, तो दोन्ही बंद करतो, मग लायडिग पेशी रिकाम्या बसतात, हळूहळू आकसतात. आता गंमत बघ, निरोगी माणसाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा ५० ते १०० पट असतं आणि शुक्राणू नीट बनायला आतलं प्रमाण असंच चढं लागतं, त्यामुळे इंजेक्शनने रक्तातलं दुप्पट झालं काय नि तिप्पट झालं काय, आतली तूट त्याने भरत नाही. निरोगी तरुणांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन, सुईने वृषणातलं पाणी काढून मोजलंय लोकांनी, आतलं टेस्टोस्टेरॉन ९४ टक्के खाली आलेलं होतं. रक्ताचा रिपोर्ट तेव्हाही झकासच असतो!

आणि हेच औषध, हाच डोस, डब्ल्यूएचओने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरून बघितलाय. १९९० ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलं होतं, २७१ जण होते आणि सहा महिन्यांत १५७ जणांचे शुक्राणू शून्यावर. (सगळ्यांचे नाही गेले, तेव्हा याला निरोध समजून वागू नकोस.)

साइज लहान वाटतेय का असं तू लाजत विचारलंयस, तर हो, तो भास नाही. वृषणाचा बहुतेक भाग म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या नळ्या, त्या रिकाम्या झाल्या की आकार कमी होणारच.

मित्र म्हणतो इंजेक्शन सोड, डीएचईए नावाच्या हार्मोनच्या गोळ्या घे, त्या नॅचरल. अरे तुझ्या वयात अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते आधीच भरपूर बनवतात, विशीत तर सगळ्यात जास्त. लायडिग पेशी त्यापासून टेस्टोस्टेरॉन करू शकतात हे खरं, पण आहे त्यात आणखी ओतून तुला हाती फारसं काही लागत नाही, पैसे तेवढे जातात, आणि कॉम्पिटिशनला उतरणार असशील तर ते वाडाच्या, म्हणजे खेळांतलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदीच्या यादीत आहे.

परत येतं का? बहुतेकांचं येतं. गर्भनिरोधकाच्या अभ्यासांतले आकडे एकत्र केले तेव्हा सहा महिन्यांत ६७ टक्के पुरुष पुन्हा नॉर्मल संख्येवर आले, वर्षात ९०, दोन वर्षांत जवळपास सगळे. पण तिथे औषध एकच, डोस मोजलेला. तुमच्या जिममध्ये डेका, डायनाबोल असली दुसरी स्टेरॉइडं, काय काय मिसळतात, बाटलीत नक्की काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि बंद केल्यावर मेंदू लगेच जागा होत नाही, मधले काही आठवडे, कधी महिने, बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही, अंगात जोर नाही, इच्छा नाही, मूड पार गेलेला, आणि नेमकं तेव्हाच पोरं घाबरून दुसरी सायकल मारतात. माझ्याकडे शून्य रिपोर्ट घेऊन रडवेले होऊन बसणाऱ्यांत हेच जास्त दिसतात, लग्न होऊन दोन वर्षं झालेली असतात आणि बायकोच्या सगळ्या टेस्ट आधी करून झालेल्या असतात, त्याची शेवटी. ते तर मला बघवतच नाही.

तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी अँड्रॉलॉजिस्टला किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टला गाठ. एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, रक्त सकाळी द्यायचं, आणि वीर्य तपासणी, त्याआधी दोन ते सात दिवस कंट्रोल, म्हणजे वीर्य बाहेर जाऊ द्यायचं नाही. एलएच तळाला गेलेला दिसेल बहुतेक, घाबरू नकोस. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने जातात, म्हणून आता सोडलंस तरी पुढच्या महिन्यात रिपोर्ट सुधारला नाही म्हणून हाय खाऊ नकोस, तीन महिन्यांनी परत कर. जिमवाल्यांची पीसीटी, म्हणजे सायकल संपल्यावर घ्यायची औषधं, मनाने सुरू करू नको, एचसीजी एलएचचं काम करून लायडिगला उठवतं, क्लोमिफेन मेंदूकडून ढकलतं, डॉक्टरही ती वापरतात, पण कधी आणि किती ते रिपोर्ट बघून ठरतं.

आणि जाताना बाटलीचा फोटो घेऊन जा, काय काय घेतलंस ते सगळं सांग, लाज बाजूला ठेव. न सांगता गेलास, रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी निघालं आणि समोरच्याला सायकलचं माहीत नसलं, तर तो उपचार म्हणून परत टेस्टोस्टेरॉनच लिहून देईल.

तुझा काका