साखर काठावर आली असेल तर आधी संध्याकाळ सांभाळा

वय ४२, दिवसभर खुर्चीतलं काम, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आणि आईला मधुमेह. सोमवारपासून पहाटे पाचला उठणं, जिम, भात बंद, गोड बंद असं सगळं तुम्ही ठरवलंय आणि आणखी काय करू, असं विचारताय. मी म्हणेन, यातलं बरंचसं तूर्त राहू द्या. पहिले तीन महिने फक्त संध्याकाळच्या चहापासून झोपेपर्यंतचा वेळ सांभाळा.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. इथून माघारी येता येतं. चेन्नईत डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसता आहार आणि चालणं सुधारून मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला होता. ती माणसं आपल्यासारखीच, भात-डाळ खाणारी होती.

आता आपली संध्याकाळ बघा. कामावरून आल्यावर चहा आणि खारी, मग येताजाता डब्यातलं फरसाण, दहाला पोटभर जेवण आणि लगेच आडवं होणं. दिवसातलं सगळ्यात जास्त खाणं नेमकं अशा वेळी, जेव्हा शरीर काहीच करत नसतं. चहासोबत मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे घ्या. जेवण आठ-साडेआठला उरका. ताटात आधी कोशिंबीर आणि मटकीची किंवा मुगाची उसळ संपवा, मग पोळी, भात सगळ्यात शेवटी. भात सोडायची गरज नाही, तो कमी लावायची आहे. आमच्याकडे रात्री कुकरला लहान डबाच लावतात. भात उरतच नाही, त्यामुळे "एवढासा राहिलाय, संपवून टाक" हा आग्रहही होत नाही. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याही डाएट चार्टने पडला नाही.

ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीही पिठाचीच. तीन भाकऱ्या खाऊन साखर वाढली तर दोष ज्वारीचा नाही. आणि उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तेव्हा एकादशीला साखर खाली येईल ही आशा सोडा.

हात धुतले की चपला घाला. १५ मिनिटं शतपावली, सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा चालेल. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, म्हणून हे चालणं जेवल्यावर लगेच हवं. पाऊस असेल तर घरातल्या घरात फेऱ्या मारा, भांडी आवरा, पण सोफा नको.

झोप सात तास. रात्रीची जागरणं साखर आणि भूक दोन्ही वाढवतात.

हे अंगवळणी पडलं की मग सकाळचा व्यायाम जोडा, त्यात आठवड्यातून दोन दिवस उठाबशा आणि वजनं घ्या. कंबरेचं माप लिहून ठेवा: आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमीच्या आत हवं. एचबीए१सी तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. त्याआधी केलात तर जुन्या रक्तपेशी जुनाच हिशेब दाखवतील. मधल्या काळात खूप तहान, वारंवार लघवी किंवा कारण नसताना वजन उतरणं दिसलं तर तीन महिने थांबू नका, डॉक्टरांकडे जा. रिपोर्ट आला की आकडा इथे टाका, पुढचं त्यावरून ठरवू.